गेटवरचा कॅमेरा आणि माजघरातला टीव्ही : विजेच्या एका तडाख्याचा प्रकरण अभ्यास

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कुडाळ तालुक्यातील एका वाडीत जांभ्या चिऱ्याचे एक जुने कौलारू घर आहे. त्याच्या मागच्या अंगाला काही वर्षांपूर्वी स्लॅबच्या दोन खोल्या वाढवल्या गेल्या. घरात निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी राहतात. मुलगा पुण्यात नोकरीला असून, आवारात कोण आले-गेले ते त्याला फोनवर पाहता यावे म्हणून त्यानेच तीन कॅमेरे बसवून घेतले होते. त्यांपैकी दोन वळचणीखाली लाकडी वाशांना लावलेले होते आणि तिसरा खळ्यापलीकडे, गडग्याला लागून असलेल्या गेटजवळच्या लोखंडी खांबावर होता. सिंगल फेजची सर्व्हिस वायर रस्त्यावरच्या खांबावरून उघड्यावरूनच घरात येते. माजघरात टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, कॅमेऱ्यांचे चित्रीकरण साठवणारा डीव्हीआर आणि राउटर ही सगळी मंडळी एकाच कपाटावर होती. स्वयंपाकघरात फ्रिज, मागच्या खोलीत वॉशिंग मशीन आणि इन्व्हर्टर, तर परसातल्या विहिरीत पाण्यात बुडालेला पंप.

मे महिन्याच्या उत्तरार्धात, संध्याकाळच्या वळवाच्या पावसात, गेटपासून वीसेक मीटरवरच्या माडावर वीज कोसळली. माणसांना काही झाले नाही. घरातल्यांनी ढगांचा गडगडाट सुरू होताच टीव्हीचे बोर्डावरचे बटण बंद केले होते, मात्र पिन काढलेली नव्हती. वीज कोसळली त्या क्षणी माजघरात फटाक्यासारखा आवाज झाला आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास पसरला. घरातला एकही एमसीबी (जादा प्रवाह वाहिला की आपोआप पडणारे बटण) पडला नाही, दिवेही गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी हिशेब मांडला तेव्हा टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, डीव्हीआर, कॅमेऱ्यांना बारा व्होल्ट पुरवणारा वीजपुरवठा संच आणि गेटवरचा कॅमेरा अशा पाच वस्तू निकामी झाल्या होत्या, आणि राउटरचे लॅन पोर्ट (तार जोडण्याची खोबण) मेले होते.

गावातल्या वायरमनने पाहताक्षणी निदान केले की विजेचा दाब (व्होल्टेज) लाइनवरून आला, आणि घरातल्यांनाही ते पटण्यासारखे होते, कारण आदल्या वर्षी जोराच्या वाऱ्यात खांबावरची न्यूट्रल (परतीची तार) तुटून याच घरातला फ्रिज आणि दोन चार्जर जळाले होते. त्या वेळी दिवे आधी डोळे दिपतील इतके प्रखर झाले आणि मग फुटले, असे बाई सांगतात. त्यानंतर फ्रिजला स्टॅबिलायझर आणि टीव्हीला क्षणिक जादा दाब रोखणारा चांगल्यापैकी स्पाइक गार्ड घेतला गेला. एवढे करूनही टीव्ही का गेला आणि स्पाइक गार्डवरचा हिरवा दिवा अजून का जळतो आहे, हा त्यांचा प्रश्न होता. या पाहणीचे मूळ त्या प्रश्नात आहे.

काय वाचले, हे आधी पाहावे लागते

अशा घटनेत जळालेल्या वस्तूंची यादी सगळेच करतात, पण निदानाच्या दृष्टीने वाचलेल्या वस्तूंची यादी अधिक बोलकी असते. येथे फ्रिज वाचला, वॉशिंग मशीन वाचले, इन्व्हर्टर वाचला, एलईडीचे सगळे दिवे वाचले. एलईडी दिव्यातला वीजपुरवठा अत्यंत स्वस्त आणि नाजूक असतो. लाइनवरून मोठा दाब आत घुसला असता तर पहिला बळी त्या दिव्यांचा गेला असता. त्याच डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) शेजारच्या घरांत चौकशी केली, तर एका घरातला एक अडॅप्टर सोडल्यास कोणाचे काही गेलेले नव्हते. राउटरचे लॅन पोर्ट मेले तरी प्रकाशतंतूकडून (ऑप्टिकल फायबरकडून) येणारा संदेश त्याला नीट मिळत होता आणि वायफायही चालू होते. वळचणीखालचे दोन कॅमेरेही, नवा वीजपुरवठा जोडल्यावर, जिवंत निघाले.

म्हणजे केवळ विजेच्या बोर्डाशी संबंध असलेली प्रत्येक वस्तू वाचली होती, आणि जी वस्तू बोर्डाखेरीज आणखी एखाद्या तांब्याच्या तारेने दुसऱ्या वस्तूशी किंवा घराबाहेरच्या जमिनीशी जोडलेली होती ती गेली होती; वळचणीखालच्या कॅमेऱ्यांच्या अपवादाचे कारण पुढे येते.

उपकरणे उघडल्यावर याला पुष्टी मिळाली. डीव्हीआरच्या मागच्या बाजूला, गेटच्या कॅमेऱ्याची केबल जेथे खुपसली जाते त्या धातूच्या गोल टोकाभोवती काजळीचे कडे उमटले होते, आणि आतल्या हिरव्या पट्टीवरची तांब्याची बारीक रेघ त्या टोकापासून एचडीएमआयच्या (टीव्हीला चित्र व आवाज पुरवणाऱ्या तारेच्या) खोबणीपर्यंत सालपट निघावे तशी उचकटून आली होती. इतर दोन कॅमेऱ्यांची टोके स्वच्छ होती. टीव्हीच्या बोर्डावर एचडीएमआयच्या दोन खोबण्यांमागची चिप फुटून टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा पडला होता, पण त्याच टीव्हीचा वीजपुरवठ्याचा भाग मात्र अगदी कोरा होता. दाब पिनेतून शिरला असता तर हे चित्र नेमके उलटे दिसले असते.

दाबाने घेतलेली वाट

आकाशातून जमिनीवर येणाऱ्या विजेच्या पहिल्या झटक्याचा प्रवाह साधारणपणे ३०,००० अँपिअरच्या आसपास असतो, आणि क्वचित तो १,००,००० अँपिअरच्या पुढेही जातो. हा प्रवाह माडाच्या बुंध्यातून मातीत उतरून चहूकडे पसरतो तेव्हा त्या जागची जमीन दूरच्या जमिनीच्या मानाने क्षणभर हजारो व्होल्टनी वर उचलली जाते, आणि माडापासून जसजसे दूर जावे तसतसा हा चढ उतरत जातो. उन्हाळ्याच्या शेवटी कोरड्या पडलेल्या जांभ्याच्या जमिनीत विजेला अवरोध जास्त असल्याने असा चढ अधिक तीव्र असतो. गेटचा लोखंडी खांब माडाच्या जवळ होता आणि घर दूर होते. या दोन ठिकाणच्या जमिनींमध्ये निर्माण झालेला फरक भरून काढायला एकच सोपी वाट उपलब्ध होती, ती म्हणजे खांबावरच्या कॅमेऱ्यापासून डीव्हीआरपर्यंत आलेली तांब्याची केबल.

त्या केबलमधून दाब डीव्हीआरमध्ये आला. एक फाटा केबलमधल्याच बारा व्होल्टच्या तारांनी वीजपुरवठा संचात गेला. दुसरा लॅनच्या तारेने राउटरकडे गेला. लॅन पोर्टमधील विलगीकरण साधारण १,५०० व्होल्टपर्यंतचा दाब अडवण्यासाठी केलेले असते, ते येथे फुटले. परंतु राउटरच्या पलीकडे काचेचा तंतू होता, त्यातून वीज वाहत नाही, म्हणून दाबाला पुढे जायला वाट उरली नाही आणि राउटर जवळपास बचावला. तिसरा आणि सर्वांत मोठा फाटा एचडीएमआयच्या तारेने टीव्हीत, टीव्हीतून दुसऱ्या एचडीएमआय तारेने सेट-टॉप बॉक्समध्ये, तेथून डिशच्या केबलने छपरावर आणि डिशच्या लोखंडी पायातून स्लॅबच्या सळयांत उतरून घराखालच्या जमिनीत गेला. या साखळीत टीव्ही निव्वळ मधला दुवा होता. त्याचे बटण बंद असण्याचा या वाटेशी काही संबंधच नव्हता, आणि स्पाइक गार्डच्या दारावर जो चोर आलाच नाही त्याला तो अडवणार कसा?

बटण बंद करणे पुरेसे नसते, हे एरवीही लक्षात ठेवण्यासारखे आहे. घरातले साधे बटण केवळ फेजची तार तोडते, न्यूट्रल आणि अर्थ जोडलेलेच राहतात. शिवाय बटणाच्या आतले अंतर काही मिलिमीटरचे असते, आणि हवेचा एक मिलिमीटर ओलांडायला साधारण तीन हजार व्होल्ट पुरतात. विजेच्या दाबापुढे ते अंतर टिकत नाही.

वळचणीखालचे कॅमेरे वाचले, कारण ते लाकडी वाशांवर होते आणि त्यांना जमिनीचा दुसरा आधारच नव्हता. दाब त्यांच्यापर्यंत पोहोचला असेलही, पण तेथून पुढे वाहून जाण्यास जागा नव्हती.

गेल्या वर्षीचा दोष वेगळा होता

आदल्या वर्षीच्या घटनेत न्यूट्रल तुटल्यावर घराला २३० व्होल्टऐवजी जवळजवळ ४०० व्होल्टपर्यंतचा दाब काही सेकंद ते काही मिनिटे मिळत राहिला. प्रखर होऊन फुटलेले दिवे ही त्याची खूण होय. विजेच्या तडाख्याने आलेला दाब हजारो व्होल्टचा असतो, परंतु तो मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांत, संपतो. त्याच्या चाचणीसाठी वापरला जाणारा प्रमाणित प्रवाह ८ मायक्रोसेकंदांत शिखर गाठतो आणि २० मायक्रोसेकंदांपर्यंत निम्म्यावर येतो. एमसीबीला पडायला याच्या शेकडो पट वेळ लागतो आणि रिले-पद्धतीच्या स्टॅबिलायझरला त्याहूनही अधिक, तेव्हा हे दोघे जागे होईपर्यंत प्रकरण आटोपलेले असते. उलट दिशेनेही हेच खरे आहे. सर्ज प्रोटेक्टरमधील, म्हणजे असा क्षणिक जादा दाब रोखणाऱ्या उपकरणातील, झिंक ऑक्साइडची चकती क्षणिक दाब पिण्यासाठी असते. तिच्यावर मिनिटभर ४०० व्होल्ट टिकून राहिले तर तीच तापून जळते. तेथे दाब मर्यादेबाहेर जाताच पुरवठा तोडणारा, आणि तो पूर्ववत झाल्यावर थोड्या विरामाने परत जोडणारा स्वतंत्र रिले लागतो. दुकानात या दोन्ही गोष्टी बऱ्याचदा एकाच नावाखाली विकल्या जातात, आणि गिऱ्हाइकाला आपण कोणत्या दुखण्याचे औषध घेतले हे कळत नाही.

अर्थिंगची अवस्था

या घरात एकमेकांशी न जोडलेली चार अर्थिंगे होती. मीटरची जुनी अर्थिंग, इन्व्हर्टर बसवणाऱ्याने घातलेली दुसरी, डिशच्या पायामुळे आपोआप झालेली स्लॅबच्या सळयांची तिसरी आणि गेटच्या खांबाची चौथी. मीटरच्या अर्थिंगची जागा खणली तेव्हा पाइपाला तार आवळणारा नटबोल्ट बोटाने चुरगळला आणि तार नुसती टेकून होती असे दिसले. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात खड्ड्यात घातलेले मीठ फार काळ टिकत नाही, मात्र जाता जाता पाइप खाऊन जाते. मीठ-कोळशाची अर्थिंग एकदा घातली की जन्मभराची सोय झाली, हा समज कोकणात तरी सोडून द्यायला हवा. अर्थ टेस्टरवर वाचन चाळीस ओहमच्या घरात आले.

येथे एक मुद्दा सविस्तर मांडणे आवश्यक आहे, कारण बहुतेक घरमालक आणि अनेक वायरमनसुद्धा याच ठिकाणी चुकीच्या दिशेने खर्च करतात. अर्थिंगचा अवरोध चाळीस ओहम असताना विजेच्या प्रवाहाचा एक छोटा हिस्सा, समजा १,००० अँपिअर, त्यातून गेला तर घराच्या अर्थचा दाब ४०,००० व्होल्टनी वर जातो. पुष्कळ पैसे खर्चून अवरोध पाच ओहमवर आणला, तरी तो ५,००० व्होल्टनी वर जाणारच, आणि घरगुती उपकरणे साधारणपणे २,५०० व्होल्टचा क्षणिक दाब सोसतील अशा बेताने बनवलेली असतात. म्हणजे अवरोध आठ पटींनी घटवूनही केवळ त्याच्या भरवशावर टीव्ही वाचत नाही. तो वाचतो घरात शिरणाऱ्या सगळ्या धातूच्या वाटा एकाच ठिकाणी, जाड आणि आखूड तारांनी, एकमेकींना जोडल्या तर. भरतीला होड्या एकत्र वर चढतात तेव्हा त्यांच्यामधला दोर तुटत नाही, तो एक होडी खडकाला आणि दुसरी पाण्यावर असली की तुटतो. त्याप्रमाणे घरातल्या सर्व तारांचा दाब एकत्र वर गेला तर उपकरणाच्या दोन टोकांत फरक पडत नाही आणि त्यातून प्रवाह वाहत नाही. माणसाला विजेचा धक्का बसू नये यासाठी अर्थिंगचा अवरोध कमी हवा, हे निर्विवाद; पण इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या रक्षणात जोडणीचे महत्त्व त्याहून वरचे आहे.

केलेले बदल

सर्वांत परिणामकारक उपाय सर्वांत स्वस्तही होता. गेटपासून घरापर्यंत आलेली तांब्याची केबल उपटून टाकली आणि तेथे छोट्या सौर पट्टीवर चालणारा वायफाय कॅमेरा लावला. माडावर पुन्हा वीज कोसळली तर तो कॅमेरा कदाचित जाईल, पण एकटाच जाईल. केबल ठेवायचीच असती तर धातूविरहित प्रकाशतंतू टाकावा लागला असता. मात्र अशा काही तंतूंसोबत आधारासाठी पोलादी तार असते, ती घरात शिरण्याआधीच तोडायची असते.

दुसरे काम अर्थिंगचे. जांभ्यात अडीच मीटर पाइप ठोकणे म्हणजे खडक फोडणे, त्यामुळे परसात केळीच्या आळ्यांतून, जेथे मोरीचे पाणी बारमाही मुरते, तेथे चर खणून गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पट्टी आडवी पुरली. मातीत आडवी पुरलेली पट्टी भारतीय मानक आयएस ३०४३ ला मान्य आहे. या पट्टीची तार मीटरजवळ भिंतीवर बसवलेल्या एका तांब्याच्या अर्थ पट्टीला आणली, आणि इन्व्हर्टरची अर्थिंग, डिशचा पाया व स्लॅबची सळई, तसेच डिशच्या केबलची बाहेरची जाळी ही सगळी याच पट्टीला सहा चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने जोडली.

तिसरे काम मीटरनंतरच्या मुख्य डीबीत (घरभर वीज वाटणाऱ्या पेटीत) टाइप-२ सर्ज प्रोटेक्टर बसवण्याचे. वाडीत रात्री भार कमी झाला की दाब २५० व्होल्टच्या वर जातो, म्हणून २७५ ऐवजी ३२० व्होल्ट सतत सोसणारा प्रोटेक्टर निवडला. घराची अर्थिंग स्वतःची असल्याने फेज आणि न्यूट्रलमध्ये झिंक ऑक्साइडची चकती व न्यूट्रल आणि अर्थमध्ये ठिणगी-अंतर, अशी रचना घेतली. दोन्हीकडे चकत्या असलेला प्रकार अशा जोडणीत योग्य नसतो, कारण चकती बिघडली तर फेजचा प्रवाह अर्थच्या तारेवर येऊन धातूची सारी आवरणे जिवंत होऊ शकतात.

बसवण्याच्या कामात मात्र एक गोष्ट दुरुस्त करावी लागली. वायरमनने प्रोटेक्टर डीबीच्या वरच्या कोपऱ्यात बसवून त्याच्या तारा भिंतीच्या कडेने, काटकोनात वळवून, क्लिपा मारून अर्थ पट्टीपर्यंत आणल्या होत्या. काम देखणे होते, लांबी दीड मीटर भरली. विजेचा प्रवाह इतक्या वेगाने वाढतो की सरळ तारेचा एक मीटरसुद्धा त्याला अडथळा ठरतो. मायक्रोसेकंदाला १,००० अँपिअर या वेगाने प्रवाह चढत असेल तर दर मीटरमागे साधारण १,००० व्होल्टची भर पडते. प्रोटेक्टर दाब १,५०० व्होल्टवर रोखत असला, तरी तारांचे १,५०० मिळून उपकरणाच्या वाट्याला ३,००० येतात, आणि मग तो बसवला काय नि न बसवला काय. सर्व तारा मिळून अर्ध्या मीटरच्या आत असाव्यात हा नियम त्यासाठीच आहे. अर्थ पट्टीच उचलून डीबीच्या खाली चिकटून लावली तेव्हा तो पाळला गेला. चौथी वस्तू म्हणजे आधी सांगितलेला जादा आणि कमी दाब तोडणारा रिले, जो आदल्या वर्षीच बसवायला हवा होता.

छपरावर तडितरक्षक बसवावा का, असे मुलाने फोनवरून विचारले. या घरासाठी तो सध्या नको असे ठरले. तडितरक्षक इमारतीला आणि माणसांना आग व पडझडीपासून वाचवतो, टीव्हीला वाचवत नाही. किंबहुना विजेचा पूर्ण प्रवाह घराच्याच अर्थिंगमध्ये आणत असल्याने त्यासोबत मुख्य बोर्डात टाइप-१ चा अधिक ताकदीचा प्रोटेक्टर अनिवार्य ठरतो. शंभर मीटरच्या परिघातली वीज खेचून घेण्याचा दावा करणारे जे महागडे दांडे अलीकडे शाळांना आणि देवळांना विकले जात आहेत, त्यांना आयएस/आयईसी ६२३०५ हे मानक साध्या दांड्यापेक्षा जास्त संरक्षणक्षेत्र देत नाही, एवढे येथे नमूद करून ठेवतो.

सवयीच्या बाबतीत एकच बदल सुचवला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप वीज जवळ येत असल्याची सूचना देते. ती आली की टीव्हीची पिन आणि डिशची केबल दोन्ही काढून ठेवावीत. गडगडाट कानावर येऊ लागल्यानंतर मात्र तारांना हात लावू नये, कारण तो ऐकू येतो म्हणजे वीज पुढच्या वेळी याच आवारात पडू शकते इतकी जवळ आलेली असते. त्या वेळी टीव्ही गेला तर जाऊ द्यावा.

विम्याबद्दल थोडेसे. घराच्या विम्यात वीज कोसळणे हा संरक्षित धोका असतो, परंतु विद्युत उपकरणातील अंतर्गत बिघाड वेगळा मानला जातो, त्यामुळे नुकसान कोणत्या वाटेने झाले हे कागदावर येणे महत्त्वाचे ठरते. बाईंनी जळालेले बोर्ड भंगारवाल्याला न देता पिशवीत घालून ठेवले होते आणि फाटलेल्या माडाचे फोटोही काढले होते, याचा उपयोग झाला.

पंपाचे प्रकरण अजून मिटलेले नाही. घटनेच्या दिवशी तो चालत होता, पण पावसाळा सुरू झाल्यावर अर्थ-गळतीचा ब्रेकर पंप लावताच पडू लागला, आणि तपासणीत पंपाच्या वेटोळ्याचे आवरण कमकुवत झालेले आढळले. विहिरीतला पंप पाण्यात बुडालेला असल्याने तो स्वतःच एक उत्तम अर्थिंग असतो, आणि त्या संध्याकाळी प्रवाहाचा एखादा हिस्सा त्याच्या वाटेनेही गेला असावा. मात्र जुना पंप वयाने थकला की विजेने, हे वेटोळे पाहून ठरवता आले नाही. विहिरीकडे जाणाऱ्या तारेवर, ती घरातून बाहेर पडते त्या जागी, दुसरा प्रोटेक्टर लावून तोही त्याच अर्थ पट्टीला जोडायचा आहे, आणि नवा पंप त्यानंतरच विहिरीत सोडायचा असे ठरले आहे.